तोंडात उरलेला शब्द

पॅरालिसिसचा ॲटॅक आल्यानंतर काही दिवसांनी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला. खाटेजवळ तेव्हा हे होते, मुलगा आणि सून होती, आणि सलाइनची बाटली बदलायला आलेली सिस्टर होती. मला पाणी हवं होतं. पाणी हा शब्द मनात अगदी तयार होता. मी तोंड उघडलं आणि बाहेर शिवी आली.

ती शिवी मी इथे लिहिणार नाही. आईवरून देतात ती, मुंबईत कुठल्याही नाक्यावर थोडा वेळ उभं राहिलं तरी कानावर पडते, एवढं सांगितलं की पुरे. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. ह्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. ते वाकले आणि काय हवंय म्हणून विचारलं. मी पुन्हा पाणी मागितलं. पुन्हा तीच शिवी आली, आणि या खेपेला अगदी स्वच्छ. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून 'मेल्या'च्या पुढचा शब्द ह्यांनी ऐकला नव्हता. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. सुनेने तेवढं चमच्याने पाणी माझ्या ओठांना लावलं.

मी दादरला वधूवर सूचक मंडळ चालवत होते. एका इमारतीच्या तळमजल्यावर छोटीशी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला लागून फोटोंची कपाटं आणि दिवसभर वाजणारा फोन. या धंद्यात सगळं बोलण्यावर असतं. मुलगा बुटका असला तर बांधा आटोपशीर आहे म्हणायचं. मुलगी तापट असली तर तिची मतं स्पष्ट आहेत म्हणायचं. नकार कळवायचा तर असा, की समोरच्याने वर 'तुम्ही एवढं केलंत, आभारी आहे' म्हणावं. मी खोटं बोलत नसे, पण खरं कुठून सुरू करायचं ते मला कळत होतं. लोक माझ्या आवाजाची स्तुती करायचे. फोनवर तुमचा आवाज ऐकला की अर्धी काळजी मिटते, असं एका मुलीचे वडील म्हणाले होते, आणि ते मी कितीतरी जणांना सांगितलं होतं.

शिवी मला नवी नव्हती. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, वडील गिरणीत होते. सकाळी नळावर पुरुषमाणसं भांडायला लागली की आई आम्हा बहिणींना आत ओढायची आणि दार लावून घ्यायची. दार लावल्यावरही सगळं ऐकू यायचं. पण ते ऐकायचं असतं, बोलायचं नसतं, एवढं आम्हाला न सांगता कळलं होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूत विचार करून बोलायचे शब्द एका ठिकाणी असतात आणि रागात, घाईत आपोआप निघणारे दुसरीकडे. माझ्या पहिल्या जागेला मार बसला होता, दुसरी शाबूत होती. पुष्कळ पेशंटच्या तोंडात असा एकच शब्द उरतो आणि तो बऱ्याचदा शिवीच असतो, असं ते म्हणाले. सर्दी-खोकल्याबद्दल सांगावं तसं सांगत होते. मला विचारायचं होतं, की जी शिवी मी जन्मात कधी दिली नाही, ती माझ्या आपोआपच्या शब्दांत आली कुठून? तेही मी विचारलं. डॉक्टर हसले आणि माझ्या खांद्यावर थोपटून पुढच्या खाटेकडे गेले.

उजवा हात गेला होता, उजवा पाय अर्धा. लिहिणंही गेलं होतं, नाहीतर कागदावर तरी काही मागितलं असतं. घरी आणल्यावर मला आतल्या खोलीत ठेवलं. आमची परळची इमारत जुनी चाळ पाडून झालेली आहे, त्यामुळे शेजारी सगळे पूर्वीचेच. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. हे सगळ्यांना दारातच सांगायचे, की तिला आराम सांगितलाय. व्यायाम करून घेणारा मुलगा आला की हे टीव्हीचा आवाज वाढवायचे, कारण हात वर ओढला की दुखायचं, आणि दुखलं की मी बोलायचे. मला ते ऐकू यायचं. आधी बातम्या, मग अचानक मोठ्या झालेल्या बातम्या. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मग एक बाई आली, जिला दारातून परत पाठवता आलं नाही. तिच्या मुलीचं लग्न मी जमवलं होतं. पहिली दोन स्थळं मोडल्यावर तिने आशा सोडली होती, आणि तिसरं मी माझ्या शब्दावर उभं केलं होतं. आता मुलीला मुलगा झाला म्हणून ती पेढे घेऊन आली होती. खाटेच्या कडेला बसून तिने माझा चांगला हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला विचारायचं होतं, बाळ कसं आहे. मी फार प्रयत्न केला. ओठ जुळवून 'बा' आणायचा, असं मनाशी ठरवलं. आणि तिच्या तोंडावर ती शिवी दिली.

तिने हात काढून घेतला. झटकला नाही, हळूच काढून घेतला, ते जास्त लागलं. हे घाईघाईने सांगायला लागले, की ती तुम्हाला म्हणत नाही हो, तिला तसं होतं. ती नाही नाही, समजतं ना, असं म्हणत उठली. चहा ठेवला होता तो तसाच राहिला. पेढ्यांचा खोका उघडायची कुणाला हिंमत झाली नाही. शेवटी कामवाली घेऊन गेली.

त्या दिवशी मी ठरवलं, की तोंड उघडायचंच नाही. सुनेच्या कपाटातला एक लहान नॅपकिन घेतला आणि त्याचा कोपरा दातांत धरून बसायला लागले. व्यायामाच्या वेळी तो चावायचा, दुखलं तरी आवाज नाही. काही दिवसांत सगळ्यांना वाटलं, माझा होता तो आवाजही गेला. सुनेला वाईट वाटलं. ह्यांचा टीव्ही हळू आवाजात लागायला लागला, आणि एकदा जेवताना ते सहज गुणगुणले. ह्यांना सुटल्यासारखं झालं होतं. त्यात ह्यांची चूक नव्हती. मलाही सुटल्यासारखं झालं होतं. तरी ते गुणगुणणं ऐकून मला रडू आलं आणि मी ते नॅपकिनात दाबलं.

तपासणीसाठी हॉस्पिटलात नेलं तेव्हा बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी माझा घसा बघितला, मला 'आ' करायला सांगितलं. मी केलं नाही. ती माझ्या मुलाच्या वयाची असेल. बराच वेळ माझ्याकडे बघून ती म्हणाली, "काकू, आवाज गेलेला नाही. तुम्ही धरून ठेवलाय." हे बाहेर होते म्हणून बरं. तिने ह्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, की दर गुरुवारी दुपारी वरच्या मजल्यावर पेशंट जमतात, पत्ते, कॅरम, हाऊजी खेळतात, चहा पितात. उपचार म्हणून नाही, नुसतं बसायला या. मी मान हलवली, नाही म्हणून. सुनेने हो म्हणून टाकलं.

ते हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मी टॅक्सीच करायला लावली. रस्त्यावर प्रत्येक दुकानदार ओळखीचा. त्यांनी मला काठी टेकत, पाय ओढत जाताना बघावं, हे मला सहन होणार नव्हतं. टॅक्सीवाला एवढ्याशा अंतराला कुरकुरला. हातावर शाल घेऊन मी मागच्या सीटवर सुनेशेजारी खाली सरकून बसले. हे पुढे बसले होते. आणून सोडल्यावर हे कधी वर आले नाहीत. खाली बाकावर पेपर वाचत बसायचे. पुढेही तो बाक ह्यांनी कधी सोडला नाही.

वरची खोली साधी होती. टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चालण्याच्या सरावाचे दांडे. हाऊजी चालू होती आणि नंबर ओरडणाऱ्या माणसाला सात म्हणायचं की सतरा ते ठरत नव्हतं, त्यावर सगळे हसत होते. एका माणसाच्या तोंडातून लाळ गळत होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मी जन्मभर माणसांकडे बघून कोण कुठल्या घरात शोभेल याचा अंदाज बांधलेली बाई. दारात उभी राहून मी मनात म्हटलं, ही माझी माणसं नव्हेत. मग सून माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या हनुवटीवरून रुमाल फिरवला. मलाही पत्ता नव्हता.

मला मेंढीकोटाच्या टेबलावर बसवलं. तिथे एक धिप्पाड गृहस्थ होते, शिवडीचे. गोदामात माल चढवणाऱ्या हमालांच्या टोळीचे मुकादम होते. त्यांचाही उजवा हात गेलेला. त्यांच्या शेजारी त्यांची बायको, ती धडधाकट होती, नवऱ्याला घेऊन यायची. चौथी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतली एक मुलगी, तिशीच्या आतली. स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसला होता. ती चालायची बोलायची नीट, पण घडीभरापूर्वीचं विसरायची, आणि मनात येईल ते पटकन बोलून टाकायची. नोकरी गेली, ठरलेलं लग्नही मोडलं, हे तिने मला ओळख होताच सांगितलं, आणि चहाच्या वेळी पुन्हा सांगितलं.

मुकादम आणि मी समोरासमोर, म्हणजे भिडू. पत्ते धरायला आम्हा दोघांना लाकडाची एकेक पट्टी दिली होती. तिला लांब खाच होती, त्यात पत्ते उभे करायचे, म्हणजे एका हाताने खेळता येतं. मुकादमांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. तो होता 'बरोबर'. नाव विचारलं तरी बरोबर, हात हरलो तरी बरोबर, चहात साखर जास्त झाली तरी बरोबर. मला त्यांचा हेवा वाटला. एवढा सभ्य शब्द मला मिळाला असता, तर मी मंडळसुद्धा चालवलं असतं.

मेंढीकोटात भिडूशी बोलायचं नसतं, खुणाही करायच्या नसतात. दश्श्या ज्यांच्याकडे जास्त, ते जिंकतात. लहानपणी चाळीत मी हा खेळ खूप खेळले होते आणि ते सगळं डोक्यात जागच्या जागी होतं. कुठला एक्का गेला, कुणाकडे इस्पिक संपलं, हुकूम किती राहिले, मला सगळं कळत होतं. त्या टेबलावर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की मी मूर्ख झालेली नाही. दातांत नॅपकिन धरून मी खेळायचे आणि कुणी काही विचारायचं नाही. मुलगी दर डावात मोठ्याने विचारायची, हुकूम काय होता? आणि मुकादम सांगायचे, बरोबर. पुढचे बरेच गुरुवार मी टॅक्सीत बसून गेले, तशीच परत आले, आणि घरी कुणालाही कळू दिलं नाही की मी वाट बघते.

मग एका गुरुवारी चार दश्श्यांपैकी तीन आमच्याकडे आल्या. चौथी आली की कोट, म्हणजे सगळ्यात मोठी जीत. ती बदामाची दश्शी माझ्याच हातात होती. एक्का मुकादमांकडे आहे, हे मी पानं मोजून काढलं होतं. त्यांनी एक्का टाकला, मी दश्शी टाकली, आणि ती मुलगी, जिला हुकूम काय ते कधी आठवायचं नाही, तिने त्यावर हुकमाची दुर्री मारली. मी ओरडले. नॅपकिन टेबलावर पडला. शिवी सगळ्या खोलीत ऐकू गेली.

हाऊजी थांबली. कॅरमवाल्यांनी माना वळवल्या. आणि त्या शांततेत मुकादम माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, "बरोबर."

त्यांची बायको हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग टेबलावर डोकं टेकवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मुलगी हसली, मग सगळेच हसले. मॅडमही हसल्या, पण लगेच माझ्याकडे आल्या. मी उठण्यासाठी काठी शोधत होते. ती सापडत नव्हती. माझा चेहरा इतका तापला होता, की मला पुन्हा ॲटॅक येतोय असं वाटलं. सुनेने मला खाली आणलं. हे पेपर घडी करत उभे राहिले. एवढ्यात कशी आलीस, असं विचारलं. मी शिवी दिली. बाकावर बसलेली दोन माणसं ह्यांच्याकडे बघून हसली. बायको नवऱ्याला शिव्या देते, म्हणून.

पुढच्या गुरुवारी मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सून समजावून थकली. आवाज आहे हे आता घरात कळलं होतं, म्हणून टीव्ही पुन्हा मोठ्याने लागत होता.

आणि मग एका दुपारी मुकादमांची बायको आमच्या दारात आली. एकटी, हातात कोलंबीच्या लोणच्याची बरणी. सुनेने फोनवर पत्ता दिला होता. हे दारातच आराम सांगितलाय म्हणायला लागले, तोवर ती आत येऊन माझ्या खाटेवर बसलीही होती. तिने आधी माफी मागितली. हसायला नको होतं, पण काय करू, आवरलंच नाही, म्हणाली. मग तिने जे सांगितलं ते तिच्या घरातलं होतं.

मुकादमांच्या तोंडात पूर्वी शिवीशिवाय वाक्य नसायचं. गोदामात त्याशिवाय काम चालत नाही, असं ते म्हणायचे, आणि घरीही तसंच बोलायचे. पोरांना, तिला, देवालासुद्धा. जन्मात कधी कुणाचं बरोबर आहे असं ते म्हणाले नाहीत. आजारपणानंतर टोळीची माणसं भेटायला आली. मुकादम सगळ्याला बरोबर, बरोबर म्हणताना बघून त्यातला एक जण हसला. दुसऱ्याने तर मुद्दाम विचारलं, मुकादम, आम्ही तुमच्यापेक्षा शहाणे की नाही? मुकादमांनी बरोबर म्हटलं. ती माणसं गेल्यावर ते भिंतीला डोकं लावून रडले. त्यानंतर घरी कुणी आलं की ते झोपल्याचं सोंग करतात.

"ताई, तुमी त्या दिवशी दिलीत ना, तर घरी येताना टॅक्सीत ते खूश होते," ती म्हणाली. "दोनदा भात घेतला त्यांनी. मी इचारलं, ताईंचं ऐकून बरं वाटलं काय? तर म्हणाले, बरोबर. आता ते खरं बरोबर का खोटं, मला काय ठाऊक. पण तुमी या. त्यांना दुसरा भिडू नको."

मला तिला सांगायचं होतं, की त्यांना सांगा, त्या मुलीवर मी रागावले नव्हते. तिने हुकूम अगदी योग्य वेळी मारला होता. मी बोलले. जे यायचं तेच आलं. तिने माझा हात धरला होता तो धरूनच ठेवला. "होय, तेच," ती म्हणाली, आणि लोणचं फ्रिजात ठेवा म्हणून सुनेला सांगायला लागली. दाराशी हे उभे होते. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. ते चहा ठेवायला आत गेले, आणि या खेपेला तो चहा प्यायला गेला.

मी परत गेले. धीटपणे गेले असं नाही. खोलीत शिरताना मान वर झाली नाही. मॅडमनी आता वेगळाच व्यायाम सुरू केला. म्हणाल्या, काकू, शब्द एक असू दे, सूर तर बदलता येतो ना? तोच शब्द प्रश्नासारखा म्हणा. हाक मारल्यासारखा म्हणा. नको म्हणतो तसा म्हणा. एका तरुण मुलीसमोर बसून ती शिवी लाडिकपणे म्हणायची, कुजबुजून म्हणायची, म्हणजे काय ते ज्याने केलं नाही त्याला कळणार नाही. माझ्या कानांच्या पाळ्या जळायच्या. घरी सराव करायला सांगितला होता, तो मी बाथरूममध्ये नळ सोडून करायचे. पण हळूहळू सुनेला फरक कळायला लागला. मी आतून बोलले की ती विचारायची, पाणी का? आणि बऱ्याचदा ते पाणीच असायचं.

थंडीच्या दिवसांत मॅडमनी आमची सहल ठरवली. लांब कुठे नाही, दादरला, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. व्हॅनने जायचं, भेळ खायची, मुलांचं क्रिकेट बघायचं, परत यायचं. सगळे खूश झाले. मी नाही. इतर कुठेही नेलं असतं तर चाललं असतं. दादरमध्ये मला ओळखत नाही असं घर विरळा. तरी गेले, कारण मुकादम माझ्याशिवाय व्हॅनमध्ये चढत नव्हते.

आम्ही कट्ट्यावर ओळीने बसलो होतो. काठ्या, एक चाकाची खुर्ची, भेळेचे कागद. मी सगळ्यात शेवटी बसले होते, जरा अंतर ठेवून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की ही बाई वेगळी. फिरायला आलेली एक बाई आमच्यासमोरून पुढे गेली, थांबली आणि वळून आली. तिच्या मुलासाठी मी किती स्थळं दाखवली होती याला हिशेब नाही. तो अजून बिनलग्नाचाच असावा. तिने माझं नाव घेतलं. मग अगदी हळू आणि मोठ्याने, लहान मुलाशी बोलतात तसं विचारलं, "ओळखलंत का मला?"

नॅपकिन व्हॅनमध्ये राहिला होता. मी मान डोलावली. ती वाकली, आणखी मोठ्याने विचारलं, की बोलता येतं का? आजूबाजूच्या लोकांनी बघितलं. मी ओठ मिटून धरले. मग मला वाटलं, निदान सूर तरी चांगला लागेल. बऱ्या आहात ना, असं म्हणायचं होतं, फोनवर म्हणायचे तसं. सूर बरोबर लागला असेलही. शिवी मात्र शिवीच होती. तिचा चेहरा पडला. आणि ओळीच्या मधून मुकादमांचा आवाज आला, "बरोबर."

तिला वाटलं, हा माणूस तिची टर उडवतोय. ती रागाने त्यांना बोलायला लागली, की आजारी असलात म्हणून काय झालं, बायकांशी बोलायची रीत आहे की नाही. मुकादम नुसते बरोबर, बरोबर म्हणत राहिले, आणि दर बरोबरला ती जास्त चिडत गेली. त्यांची बायको भेळवाल्याकडे गेली होती. माझ्यामुळे त्यांना बोलणी बसत होती, आणि मी तोंड उघडलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. त्यांच्या नजरेतला गोंधळ मला दिसत होता. मी उठले, ओळीच्या कडेकडेने काठी टेकत त्यांच्याजवळ गेले, आणि त्यांच्या शेजारी बसले. दुसरं काही सुचलं नाही.

बोलली ती अँटॉप हिलची मुलगी. कागदातली भेळ खाता खाता तिने सांगितलं, "काकूंना तेवढंच येतं. त्या तुम्हाला बऱ्या आहात ना विचारतायत. आणि ह्यांना पण एवढंच येतं. मला सगळं येतं, पण आठवत नाही." मग जराशाने तिने त्या बाईला विचारलं, तुम्ही कोण?

 त्या बाईने मुकादमांना सॉरी म्हटलं, माझ्याकडे न बघता. मुलाचं अजून जमलेलं नाही, एवढं सांगितलं आणि निघून गेली. पुढे आठवडाभर मला वाटत राहिलं, की आता हे सगळ्या दादरभर झालं. झालंही असेल. मंडळाचा फोन सुनेच्या मोबाइलवर येत असे, तो हळूहळू बंद झाला. पण ते त्या आधीपासूनच व्हायला लागलं होतं.

आता या गोष्टीला तीनेक वर्षं झाली. माझे काही शब्द परत आलेत. पाणी, नको, बस, चहा, आणि कधी कधी दोन शब्द जोडून येतात. लिहिणं त्याहून जास्त परत आलं, डाव्या हाताने, फोनवर, एकेक अक्षर. हे लिहायला मला कितीतरी महिने लागले. शब्द अडला की मी सुनेला खुणेने सांगते, ती दोनतीन शब्द म्हणून दाखवते आणि मी त्यातला निवडते. शिवी अजून आहे. दमले, घाबरले, की आधी तीच येते.

गेल्या महिन्यात मुलाच्या ऑफिसातला एक जण बायकोसह रविवारी जेवायला आला होता. अशा वेळी मी आतल्या खोलीत जेवते. कुणी सांगत नाही, माझी मीच जाते. त्या दिवशी सुनेने माझं ताट सगळ्यांबरोबर वाढलं होतं. मी बसले. सुरमई चांगली झाली होती. पाहुणीच्या ताटातली तुकडी संपलेली दिसली आणि मला म्हणायचं होतं, अजून घ्या. बायका जेवायला आल्या की यजमानिणीने जे म्हणायचं तेच. ते आलं नाही. जे आलं ते ऐकून पाहुणीचा घास हातात राहिला.

मुलगा लगेच बोलायला लागला. आईला स्ट्रोक झालाय, तिला तसं येतं तोंडात, तिचा काही हेतू नसतो. फार भरभर बोलला, आणि त्याचे कान लाल झाले होते. पाहुणे म्हणाले, छे छे, त्यात काय. मग सगळे ऑफिसबद्दल बोलले. मी मान खाली घालून काटे वेगळे काढत राहिले. उठून जावं असं दहादा वाटलं, पण उठायला मला वेळ लागतो, आणि ते सगळ्यांनी बघितलं असतं.

पाहुणे गेल्यावर सून भांडी आवरत होती. मुलगा येऊन माझ्यासमोर बसला. ॲटॅक आल्यापासून तो माझ्यासमोर असा बसला नव्हता. यायचा, गोळ्या घेतल्यास का विचारायचा आणि जायचा. त्याने टेबलावरचा एक भाताचा कण बोटाने उचलला.

"आई, मला लाज वाटली आज," तो म्हणाला. "तुझी नाही. म्हणजे... तुझीच."

मी ओठ जुळवले. घाई केली नाही, कारण घाई केली की दुसरंच येतं. त्याने वाट पाहिली.

"मला पण," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मग माझं ताट उचलून आत घेऊन गेला.